हमालाच्या पायाची किंमत कोण ठरवतो?

'मोटारसायकलवरून पडून उजव्या पायास मार.' एका खासगी दवाखान्याच्या केसपेपरवरची ही एक ओळ. ज्या हमालाच्या नावाने ती लिहिली गेली त्याच्याकडे मोटारसायकल नाही, आणि त्याला ती चालवताही येत नाही. त्याचा पाय गेला तो अकोला-अमरावती पट्ट्यातल्या एका गोडाऊनमध्ये, सोयाबीनच्या थप्पीला लागून, मागे येणाऱ्या फोर्कलिफ्टच्या चाकाखाली. मग ही ओळ आली कुठून? लिहिली डॉक्टरने, पण सांगितली त्या हमालानेच. स्वतःच्या तोंडाने. त्याने ती का सांगितली हे समजून घेतल्याशिवाय आपल्या वस्त्यांतून रोज पहाटे गोडाऊनकडे, जिनिंगकडे, मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या माणसांचा प्रश्न समजणार नाही.

२०२२ च्या दिवाळीनंतरचे दिवस होते. सोयाबीनची आवक जोरात, ट्रकांची रांग रात्री उशिरापर्यंत. फोर्कलिफ्टवर बसलेला पोरगा बावीस वर्षांचा. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत तोही पाठीवर पोतीच वाहत होता. जुना ड्रायव्हर काम सोडून गेला तेव्हा मुकादमाने याला विचारले, ट्रॅक्टर येतो ना? येतो म्हणाला. मग बस. एवढीच त्याची परीक्षा आणि एवढेच त्याचे लायसन्स. त्या रात्री उचललेल्या मालाने समोरचे काही दिसेना म्हणून त्याने यंत्र मागे घेतले. मागे हमाल वाकून फाटलेला कट्टा बांधत होता. पाय घोट्याच्या वर चिरडला. दवाखान्याच्या वाटेवर मुकादमाने त्याच्या कानात सांगितले, 'पोलिसात गेलं तर पोट्टं जेलात जाईन. गाडीवरून पडलो म्हून सांग. खर्चाचं मी पाह्यतो.' तो पोरगा म्हणजे याच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातला. दोघांच्या आया एकाच विहारात वंदनेला बसणाऱ्या. याने दात-ओठ आवळून तसेच सांगितले.

मुकादमाने दवाखान्याचे पहिले बिल भरले, वर रोख २० हजार दिले. तीन महिन्यांनी त्याने फोन उचलणे बंद केले. २०२४ च्या उन्हाळ्यात हे कुटुंब माझ्याकडे आले तेव्हा त्या माणसाची बायको पहिल्यांदा म्हणाली ती हेच, 'वकीलसाहेब, पैसे भेटले नाही तरी चालते, पण शेजारच्या पोट्ट्यावर केस करू नका. आमाले तिथंच राह्यचं हाय.'

माझ्या वीसेक वर्षांच्या वकिलीत मी अनेक अर्ज लिहिले, पण या बाईला उत्तर देताना मला पहिल्यांदा वाटले की आपल्या चळवळीने एक साधी गोष्ट वस्तीपर्यंत पोहोचवलीच नाही. ती अशी, की भरपाई मागण्यासाठी शेजाऱ्याच्या पोरावर केस करावीच लागत नाही! १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात (२०१० पासून तो कर्मचारी नुकसानभरपाई कायदा म्हणून ओळखला जाऊ लागला) चूक कोणाची हा प्रश्नच मुळी नाही. माणूस कामावर होता, कामाच्या ओघात आणि कामामुळे अपघात झाला, एवढे सिद्ध झाले की मालक देणे लागतो. त्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात गोदामात आणि बाजारात मालाची चढउतार करणारा माणूस स्पष्ट शब्दांत आहे. ठेकेदाराचा माणूस असला तरी मूळ मालकाकडून भरपाई मागता येते, मालकाने ती मागाहून ठेकेदाराकडून वसूल करावी. म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या कायद्यालाही कळत होते की हमालाला ठेकेदाराच्या मागे पळवण्यात अर्थ नाही. आपल्या मुकादमांना ते माहीत आहे. माहीत नाही ते फक्त हमालाला. म्हणून शेजारधर्माचा, जातभावाचा, विहाराचा धाक घालून एक गरीब दुसऱ्या गरिबाला वाचवतो, आणि प्रत्यक्षात वाचतो तो मालक.

आता या यंत्राविषयी थोडे. अडीच-तीन टन उचलणाऱ्या फोर्कलिफ्टचे स्वतःचे वजन साधारण चार टन असते, कारण पुढे उचललेला माल तिला पुढे पाडू नये म्हणून मागे लोखंडाचा जड ठोकळा बसवलेला असतो. ट्रॅक्टरचे पुढचे चाक वळते, हिचे मागचे वळते. त्यामुळे वळताना पुढचे काटे फारसे हलल्यासारखे दिसत नाहीत, पण शेपूट एकदम बाजूला फिरते. ज्याला हे ठाऊक नाही तो हमाल 'गाडी तर पुढं पाहून राह्यली' असे समजून बाजूला उभा राहतो आणि थप्पी व ठोकळा यांच्या मध्ये सापडतो. ट्रॅक्टरवर हात बसलेल्या पोराला बसवले की धोका दुप्पट, कारण त्याचा अंदाजच उलटा असतो. अमेरिकेत चालकाला आधी प्रशिक्षण, मग प्रत्यक्ष चाचणी आणि किमान दर तीन वर्षांनी फेरतपासणी असा सरकारी नियम आहे, आणि अठरा वर्षांखालच्या मुलाला त्यावर बसवता येत नाही. माणसांची वाट आणि यंत्राची वाट वेगळी ठेवायची, जमिनीवर पिवळे पट्टे ओढायचे, मागे जाताना भोंगा वाजला पाहिजे, यंत्र चालू असताना त्या गल्लीत कोणी पायी शिरता कामा नये. यात महाग काय आहे? पिवळा रंग? पण आपल्याकडच्या बहुतेक गोडाऊनला एकच शटर असते. त्यातूनच ट्रकचा माल येतो, हमाल येतो, यंत्र येते आणि चहावाला पोरगाही.

लोक विचारतात, यावर कोणी लक्ष ठेवत नाही काय? १९४८ चा कारखाना कायदा घ्या. शीतगृहात माल साठवणे ही त्या कायद्याच्या व्याख्येत 'उत्पादन प्रक्रिया' होती. साध्या गोडाऊनमध्ये पोती साठवणे नव्हती. म्हणजे बटाटा थंडीत ठेवला तर तो कारखाना, आणि सोयाबीन तापलेल्या पत्र्याखाली ठेवले तर कारखाना नव्हे! त्यामुळे कारखाना निरीक्षकाला तिथे येण्याचे कारण उरले नाही. मोटार वाहन कायदा १९८८ घ्या. फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेले खास वाहन त्याच्या व्याख्येतून वगळलेले आहे. म्हणून या यंत्राला नंबरप्लेट नाही, आरटीओ नाही, तिसऱ्या पक्षाचा सक्तीचा विमा नाही. रस्त्यावर रिक्षाचा धक्का लागून पाय मोडला तर विमा कंपनी उभी राहते, चार टनांच्या यंत्राखाली गेला तर कोणीच नाही. पोलिसांत गेलात तर ठाणेदार म्हणणार, बेदरकार वाहन चालवण्याचे कलम सार्वजनिक रस्त्यासाठी आहे, ही तर खासगी जागा. तेही अर्धेच खरे. हयगयीने गंभीर दुखापत करण्याचे कलम पूर्वी दंडविधानात ३३८ होते, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत १२५ आहे, आणि त्याला रस्ता लागत नाही. पण ते लावले की पहिला आरोपी कोण? तोच बावीस वर्षांचा पोरगा. ज्याने त्याला शिकवल्याशिवाय बसवले त्याचे नाव फिर्यादीत क्वचितच येते.

जिनिंग-प्रेसिंग मात्र कारखान्यात मोडते, तिथे कायदा आहे. तरी आवारात कापसाचे ढीग ढकलणारे लोडर फिरत असतात आणि त्याच ढिगांच्या पायथ्याशी आपल्या बाया खाली बसून कचरा वेचत असतात. एकशे सत्तर किलोची एक गाठ. ती वरच्या थरावरून निसटली तर खालच्याने ओरडायलाही वेळ मिळत नाही. तिथला अपघात निदान कागदावर येण्याची शक्यता असते. गोडाऊनचा येतच नाही. २९ एप्रिल २०२३ ला भिवंडीत वळपाड्याला खाली गोदाम आणि वर खोल्या असलेली इमारत कोसळली, आठ माणसे गेली, तेव्हा महाराष्ट्राला गोदामात माणसे असतात हे कळले. मदत जाहीर झाली. एकट्या हमालाचा एकटा पाय गेला तर बातमीही होत नाही.

बाबासाहेबांचे नाव घेतल्याशिवाय आपली सभा सुरू होत नाही. पण १९४२ ते १९४६ या चार वर्षांत ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, आणि कारखान्यातल्या कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी १९४६ ची दुरुस्ती त्यांच्या कारकिर्दीत झाली, हे आपल्या किती तरुणांना ठाऊक आहे? १९३६ मध्ये त्यांनी पक्ष काढला त्याचे नावच स्वतंत्र मजूर पक्ष. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपण पहिला शत्रू तोंडपाठ केला आणि दुसऱ्याच्या गोडाऊनमध्ये आपली पोरे पाठवून मोकळे झालो. मनमाडच्याच भाषणात त्यांनी कापड गिरण्यांतल्या विणकाम खात्यात आणि रेल्वेत अस्पृश्यांना चांगल्या जागा कशा मिळत नाहीत हे दाखवले होते. आज वऱ्हाडातल्या कुठल्याही गोडाऊनमध्ये जा. काट्यावर कोण, कॉम्प्युटरवर कोण, थप्पीवर कोण, हे न विचारता कळते. थप्पीवर बौद्ध, मातंग, मुसलमान, मेळघाटातून हंगामापुरता उतरलेला कोरकू. मी हे रागाने लिहीत आहे, कारण आपल्या मोर्चाच्या निवेदनात हमालाची मागणी पंधराव्या-सोळाव्या क्रमांकावर असते, आणि जयंतीच्या वर्गणीत तोच हमाल पहिल्या क्रमांकावर असतो.

आता पैशाचा हिशेब. कायद्याच्या तक्त्यात ३५ वर्षांच्या माणसासाठी गुणक आहे १९७.०६. मजुरीची कमाल मर्यादा जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने १५ हजार रुपये झाली. मजुरी तेवढी धरली गेली आणि कायमचे पूर्ण अपंगत्व मानले गेले तर मजुरीच्या ६० टक्क्यांना त्या गुणकाने गुणायचे. होतात १७ लाख ७३ हजार ५४० रुपये. मृत्यू झाला तर ५० टक्के धरून १४ लाख ७७ हजार ९५०. महिन्याभरात दिले नाही तर वर १२ टक्के व्याज, आणि कारण नसताना अडवले तर निम्म्यापर्यंत दंड. मुकादमाने दिले होते २० हजार!

इथे मालकाचे वकील एक युक्तिवाद हमखास करतात, तो कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावा. ते अपंगत्वाचा दाखला पुढे करतात. दाखल्यावर चाळीस टक्के, म्हणून भरपाईही चाळीस टक्के. पण दाखला पायाचा असतो, कायदा विचारतो कमाईचे. सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींनी १९७५ च्या डिसेंबरात प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास साबता या प्रकरणात हे स्वच्छ केले. एका सिनेमागृहात नक्षीकाम करताना पडून एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालक म्हणाला, उजवा तर शाबूत आहे. न्यायालय म्हणाले, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याच्यापुरते हे पूर्ण अपंगत्व. त्याच निकालाने भरपाई अपघाताच्या दिवसापासून देय ठरली. मग हमालाचे काय? कारकुनाचा घोटा चिरडला तर तो खुर्चीवर बसून उरलेली नोकरी करील. ज्याचा सारा व्यवसायच दोन पाय आणि एक पाठ आहे, त्याचे चाळीस टक्के कोणत्या तराजूत मोजायचे?

दुसरा युक्तिवाद नवा आहे. यंत्र आले, आता माथाडी कुठे उरला? महाराष्ट्राचा १९६९ चा माथाडी कायदा अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आला, आणि नोंदलेल्या हमालाला भरपाईचा कायदाही त्याच्यामुळे लागू झाला. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी करून दाखवली. आपल्या भागातल्या बाजार समित्यांत नोंदणी झालेले हमाल आहेत. पण बाहेर हायवेवर जी खासगी गोडाऊन झाली तिथे मालक म्हणतो, माझ्याकडे पॅलेट आहे, फोर्कलिफ्ट आहे, अंगमेहनतीचे कामच नाही. जाऊन पाहा तर पॅलेटवर पोती रचणारे हात माणसाचे, पॅलेट तुटली की उचलणारे हात माणसाचे, आणि यंत्र बंद पडले की सगळे पुन्हा पाठीवर. जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला रस्त्यावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज बुकात नाव घातले गेले. कौतुक आहे. त्यानंतर पाचच महिन्यांनी त्या पट्ट्यात ज्याचा पाय गेला, त्याच्या अर्जावर अजून साक्षीपुरावा सुरू आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रम संहिता लागू झाल्या. भरपाईचा १९२३ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, कारखाना कायदा सुरक्षा व आरोग्याच्या संहितेत. जुन्या अपघातांचे अर्ज त्यामुळे बुडत नाहीत, हे आधी सांगून ठेवतो, कारण तशी अफवा मुकादमांनी पसरवली आहे. नव्या संहितेत एक गोष्ट चांगली आहे. ती फक्त कारखान्यापुरती नाही, दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला लागू आहे, म्हणजे गोडाऊनलाही. नियुक्तिपत्र द्यावे लागेल. गुन्हा सिद्ध होऊन दंड झाला तर त्यातली किमान निम्मी रक्कम जखमीला किंवा वारसांना देण्याचा आदेश न्यायालय करू शकते. पण निरीक्षकाचे नाव आता निरीक्षक-सह-सुविधाकार, आणि कारखाना ठरण्याची अट विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहावरून वीस कामगारांवर गेली, ठेका कामगारांच्या तरतुदींची वीसवरून पन्नासवर. हजेरीपटावर नऊ नावे आणि थप्पीवर तेवीस माणसे, हा खेळ आपल्या मुकादमांना शिकवावा लागत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे, अपघाताचा फोन आला की पहिला एक तास तुमचा. जखमीला शक्यतो सरकारी रुग्णालयात न्या, अकोल्यात सर्वोपचार, अमरावतीत इर्विन, आणि एमएलसी नोंदवून घ्या. खासगीत न्यावे लागले तरी केसपेपरवर 'गोडाऊनमध्ये कामावर असताना, फोर्कलिफ्टखाली' हे शब्द पडेपर्यंत तिथून हलू नका. ड्रायव्हरचे नाव सांगण्याची घाई नको, जागेचे आणि कामाचे नाव सांगा. मोबाइलवर यंत्राचा, जागेचा, थप्पीचा फोटो घ्या, कारण दुसऱ्या दिवशी ती जागा धुतलेली असते. गेटवरच्या रजिस्टरचे पान, त्या वेळच्या ट्रकची काटापट्टी, मुकादमाने हमाली दिल्याचा फोनवरचा मेसेज, हे सगळे पुरावे आहेत. माणूस ईएसआयमध्ये नोंदलेला असेल तर भरपाईचा रस्ता तिकडून जातो, तेही त्याच दिवशी पाहून घ्या. आणि माणूस दगावला तर तेराव्याला कोणी पाकीट घेऊन आले म्हणून हिशेब संपला असे समजू नका. १९२३ च्या कायद्यात मृत्यूची भरपाई कमिशनरकडे जमा करावी लागत असे. परस्पर हातात दिलेली रक्कम, थोडी उचल सोडली तर, भरपाई धरली जात नसे. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर विधवेचा अंगठा घेऊन हक्क सोडवून घेतला तरी तो करार त्या कायद्याने रद्दबातल होता. विहाराच्या फळ्यावर वंदनेची वेळ लिहितो, तिथेच या चार गोष्टी लिहायला जागा आहे.

राहिला माझ्या अर्जाचा प्रश्न. मालकाच्या वकिलाच्या हाती ती मोटारसायकलची ओळ आहे आणि प्रत्येक तारखेला तो ती वाचून दाखवतो. आमच्याकडे त्या रात्रीची काटापट्टी आहे, दोन हमालांच्या साक्षी आहेत, त्यातला एक फुटण्याच्या बेतात. आणि तो पोरगा. तो गाव सोडून चाकणकडे एका कंपनीत लागला. तिथे फोर्कलिफ्टवर बसण्याआधी त्याला आठवडाभर शिकवले, असे त्याने मला फोनवर सांगितले, आणि मग बराच वेळ काही बोलला नाही. २०२२ च्या त्या प्रकाराची पोलिसांत कधी नोंदच झाली नव्हती. हयगयीच्या त्या कलमाखाली न्यायालयाने दखल घेण्याची तीन वर्षांची मुदत नोव्हेंबर २०२५ मध्ये संपली. हे मी त्याच्या आईला विहाराच्या ओट्यावर बसून दोनदा समजावून सांगितले. तिने शेजारणीकडे पाहिले, मग माझ्याकडे. पुढच्या तारखेला पोरगा रात्रीच्या गाडीने येणार आहे.